नाकाच्या ऑपरेशननंतर फोटोखाली लोक वाट्टेल ते लिहितात तेव्हा

प्लास्टर निघून अकरा दिवस झाले होते. चुलत बहिणीच्या केळवणाला जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आई म्हणाली, "नुसतं तोंड दाखवून ये," आणि मी गेले. कुणीतरी सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. रात्री तो इन्स्टाग्रामवर चढला आणि सकाळपर्यंत त्याखाली नवरीबद्दल कमी आणि माझ्या नाकाबद्दल जास्त लिहून आलं होतं. "हिच्या नाकाला काय झालं?" "आधीच बरी दिसायची गं." "डॉक्टरकडून पैसे परत माग." आणि मी ज्याला कधी पाहिलंही नाही अशा एका मुलाचं, "प्लास्टिक ताई."

बाथरूमची कडी लावून मी त्या कमेंट्स किती वेळा वाचल्या याचा हिशेब नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: हौसेने केलंस ना, मग आता ऐकून घे. त्या एका वाक्यापायी मी चार महिने कुणाशी बोलले नाही, एकही कमेंट काढायला सांगितली नाही, कुणालाही ब्लॉक केलं नाही. शिक्षा भोगावी तशी वाचत राहिले.

तुम्ही नाक केलं असेल, ओठांत फिलर म्हणजे भरीव करणारं इंजेक्शन घेतलं असेल, लायपो म्हणजे चरबी काढायचं ऑपरेशन केलं असेल किंवा केस लावून घेतले असतील आणि हेच वाक्य तुमच्याही डोक्यात फिरत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ज्या क्रमाने करायला हवं होतं असं मला आज वाटतं, त्या क्रमाने लिहिते.

आधी त्या वाक्याचं बघू

लोक म्हणतात, अपघातात चेहरा बिघडला म्हणून केलं असतं तर गोष्ट वेगळी, तू तर हौस म्हणून केलंस. पण बोलणारे हा फरक खरंच करतात का? प्रियांका चोप्राने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे की नाकातला पॉलिप, म्हणजे आतला मांसल फुगवटा, काढायला, म्हणजे श्वासाच्या त्रासासाठी, तिने शस्त्रक्रिया करून घेतली. त्यात गडबड झाली, नाकाचा आकार बदलला, आणि तिला "प्लास्टिक चोप्रा" हे नाव पडलं. त्या काळात हातातले सिनेमे गेल्याचं आणि खूप खचल्याचंही तिने सांगितलं आहे. तिची गरज वैद्यकीय होती म्हणून कुणी जीभ आवरली नाही. माझंही तसंच होतं. नाकाचा पडदा वाकडा होता आणि वरचा उंचवटाही मला नको होता, दोन्ही एकाच वेळी झालं. सुरुवातीला मी प्रत्येकाला "श्वासाचा त्रास होता" एवढंच सांगायचे. बोलणाऱ्यांचं बोलणं तसूभरही कमी झालं नाही, मला मात्र अर्धं खरं बोलल्याचं ओझं वाढलं.

नाक ही आपल्या भाषेत इज्जतीची जागा. नाक कापलं जातं, नाक खाली होतं, कुणी नाक वर करून चालतं. जुन्या काळी शिक्षा म्हणून खरोखर नाक कापायचे, आणि ते परत बसवण्याची विद्याही आपल्याकडेच होती. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची हकीकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ते वाचून पुढे १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तीच पद्धत वापरली. ही गोष्ट माझ्या डॉक्टरांनी टाके काढताना सांगितली आणि मला एकदम हलकं वाटलं. कावसजीचं दुःख माझ्यापेक्षा कितीतरी मोठं. पण चार माणसांत मान वर करून बसता यावं, ही त्याची इच्छा आणि माझी इच्छा एकाच जातीची आहे. तिची लाज वाटायचं कारण नाही, आणि ती पुरी करून घेतली म्हणून कुणाचं काही ऐकून घ्यायची सक्तीही नाही.

ऑपरेशनच्या आधी, निदान आज, फोन आवरून घ्या

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर हे आदल्या आठवड्यातच करा. डोळ्यांभोवती सूज, नाकात बोळे आणि गोळ्यांची गुंगी असताना सेटिंग्ज शोधणं फार जड जातं.

इन्स्टाग्रामवर नको असलेले शब्द लपवण्याची सोय आहे. तुम्ही दिलेल्या शब्दांच्या कमेंट्स आपोआप झाकल्या जातात. मराठी माणसाने इथे एक जास्तीचं काम करायचं: प्रत्येक शब्द देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत जितक्या तऱ्हांनी लिहितात तितक्या वेळा टाकायचा. नाक, नाकाडी, प्लास्टिक, सर्जरी, बाहुली, फुगा, आधीच, पैसे वाया. "आधीच" हा शब्द मी मुद्दाम टाकला, कारण मला सगळ्यात जास्त लागलेली वाक्यं त्याच शब्दाने सुरू व्हायची. विदूषक, चाकू आणि ओकारीचे इमोजीसुद्धा यादीत घाला. ही यादी करताना त्रास होतो, म्हणून जवळच्या कुणाला तरी करायला सांगा. माझी धाकट्या बहिणीने केली.

मग टॅगचं सेटिंग. तुम्हाला कोण टॅग करू शकतं हे मर्यादित करा आणि "माझ्या मंजुरीशिवाय टॅग दिसू नये" हा पर्याय चालू करा. दुसऱ्याने टाकलेल्या फोटोखालच्या कमेंट्स तुम्हाला काढता येत नाहीत, हे मला केळवणाच्या दुसऱ्या दिवशी कळलं. तिथे दोनच मार्ग असतात: स्वतःचा टॅग काढायचा, आणि फोटो टाकणाऱ्याला कमेंट्स बंद करायला सांगायचं. सांगताना कारणं देत बसू नका. "ताई, त्या फोटोवरच्या कमेंट्स बंद करशील का? मला त्रास होतोय," एवढं पुरतं.

नात्यातल्या माणसाला ब्लॉक केलं तर दिवाळीला प्रश्न उभा राहतो. अशांसाठी "रेस्ट्रिक्ट" हा पर्याय आहे. त्या माणसाची तुमच्या पोस्टवरची नवी कमेंट तुम्ही मान्य करेपर्यंत फक्त त्यालाच दिसते, त्याचे मेसेज वेगळ्या कप्प्यात जातात, तुम्ही ते वाचले की नाही हे त्याला कळत नाही आणि आपल्याला आवरलंय याची सूचनाही त्याला जात नाही. मराठी कुटुंबासाठी याहून उपयोगी बटण नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. फेसबुकवर कमेंट लपवली तर ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांनाच दिसत राहते, बाकीच्यांना नाही. यूट्यूबवर चॅनेल असेल तर कमेंट्स तपासणीसाठी रोखून धरता येतात आणि एखाद्या माणसाला चॅनेलपुरतं लपवता येतं.

व्हॉट्सॲपवर प्रोफाइल फोटो आणि स्टेटस काही ठरावीक लोकांपासून लपवता येतो. ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडलात तर सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं ही यादी बाकीचे सदस्यही पाहू शकतात, हे लक्षात ठेवून ठरवा. माहेरच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले नाही. म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकला आणि लग्नकार्याचं काही असेल तर बहिणीने कळवायचं ठरलं.

पहिले पंधरा दिवस: या काळातल्या कुठल्याच मताला किंमत देऊ नका

तुमच्या स्वतःच्याही नाही. साधारण तिसऱ्या दिवसापासून पहिल्या दहा दिवसांत मन खाली बसणं हे खूप जणांना होतं. भूल दिलेली असते, वेदनाशामक चालू असतात, काहींना सुजेसाठी स्टेरॉइड देऊन थांबवलेलं असतं, झोप अर्धवट, तोंडाने श्वास, आणि आरशात एक अनोळखी सुजलेलं माणूस. अशा वेळी "काय करून बसलीस" ही कमेंट येते आणि ती थेट आपल्याच मनातली वाटते. मी त्या दिवसांत आईला रोज विचारायचे, "चुकलं का गं माझं?" आई रोज तेच उत्तर द्यायची, "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत? तेवढे होऊ देत."

ते दिवस किती, हे कागदावर लिहून आरशाला चिकटवा. नाकाचं असेल तर वरचं प्लास्टर साधारण आठवड्याने निघतं. डोळ्यांखालचे काळेनिळे डाग दोन आठवड्यांत बरेच उतरतात. ढोबळ सूज काही आठवड्यांत जाते, पण नाकाचा शेंडा सगळ्यात शेवटी बसतो आणि खरा आकार दिसायला वर्ष लागतं, जाड कातडी असेल तर त्याहून जास्त. केस लावून घेतलेल्या पुरुषांचं तर आणखी कठीण. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, ते अपेक्षितच असतं, आणि नवे उगवायला तीन-चार महिने जातात. नेमक्या त्या मधल्या दिवसांत मित्र लिहितात, "भावा, पैसे पाण्यात गेले." पुरुषांना हे जास्त एकट्याने सोसावं लागतं, कारण त्यांनी मनाला लागलं असं म्हणायचीही सोय ठेवलेली नाही. तुमचा नवरा, भाऊ, मुलगा या अवस्थेत असेल तर त्याच्या टोपीवर विनोद करू नका.

सेल्फीबद्दल एक गोष्ट नक्की माहीत असू द्या. २०१८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हिशेब मांडला होता की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतो. म्हणजे हात लांब करून काढलेल्या सेल्फीवर "अजून रुंदच आहे की" असं कुणी लिहिलं, तर ते कॅमेऱ्याच्या अंतराबद्दल लिहितंय. फोटो टाकायचाच असेल तर दुसऱ्याकडून चार-पाच फुटांवरून काढून घ्या. आणि स्वतःची तुलना करायची असेल तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून. रोज नाही.

कमेंटमधल्या एखाद्या शब्दाने खरोखरची शंका आली, एक बाजू जास्त सुजली आहे, पाणी येतंय, तर उत्तर कमेंटमध्ये शोधू नका. ताप, वाढत जाणारं दुखणं, न थांबणारं रक्त, पू किंवा नजरेत फरक असेल तर ताबडतोब डॉक्टरांना फोन. फिलर घेतल्यावर कातडी पांढरी पडली किंवा दिसायला कमी झालं तर मिनिटभरही थांबू नका, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

कमेंट वाचायची कशी, आणि कुणी

एका माणसाला हे काम द्या. बहीण, मैत्रीण, नवरा, ज्याला तुमच्याबद्दल माया आहे आणि जो चटकन चिडत नाही असा. पहिला महिनाभर फोटोखालचं त्यानेच वाचायचं. मला नंतर स्वतः वाचावंसं वाटलं तेव्हा मी एक नियम केला: दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर, हॉलमध्ये बसून. अंथरुणात नाही, बाथरूममध्ये तर नाहीच.

वाचणाऱ्याने कमेंट्स वेगळ्या करायच्या. मला चार प्रकार दिसले. पहिला, ज्यांना बोलायचं कसं कळत नाही: "आधीच छान होतीस" म्हणणारी आत्या. तिच्या मते ती कौतुक करते आहे. दुसरा, ज्यांना खरंच माहिती हवी असते: "डॉक्टर कोण? दुखतं का? किती खर्च?" हेही त्या क्षणी टोचतं, पण यात दुष्टावा नसतो. यातल्या कित्येक मुली स्वतः घाबरलेल्या असतात. तिसरा, ज्यांना मजा हवी असते. हे अनोळखी असतात, त्यांना तुमचं नाव माहीत नसतं, पाच मिनिटांनी ते दुसऱ्या कुणाच्या पोटाबद्दल लिहितात. यांना एकही अक्षर उत्तर द्यायचं नाही. काढा, ब्लॉक करा. ब्लॉक करताना इन्स्टाग्राम "या माणसाची पुढची खातीही" असा पर्याय देतं, तो निवडा.

चौथा प्रकार कमी असतो पण तोच खरा धोका: जो माणूस पुन्हा पुन्हा येतो, खाती बदलून येतो, घाण लैंगिक बोलतो, जुना-नवा फोटो जोडून पसरवतो, धमकी देतो. या प्रकाराची एकही कमेंट आधी काढू नका. आधी पुरावा, मग काढणं. त्याबद्दल पुढे.

घरच्यांना काय उत्तर द्यायचं

मला अनोळखी लोकांपेक्षा घरच्यांचं जास्त लागलं, आणि बहुतेकांना तसंच होतं. त्यांना जाहीर उत्तर देऊ नये. कमेंटखाली उत्तर दिलं की आणखी सहा जण येतात. फोन करा किंवा एकटीला मेसेज करा.

वडीलधाऱ्या बाईंना मी असं लिहिलं: "आत्या, तुम्ही मायेने म्हणालात ते कळतं. पण सूज अजून उतरलेली नाही आणि 'आधीच बरी होतीस' वाचलं की रात्रभर झोप येत नाही. वर्षभर माझ्या नाकाबद्दल काहीच बोलू नका, एवढं माझ्यासाठी करा." आत्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, नाकाचा न काढता मेथीच्या लाडवांचा विषय काढला. बरोबरीच्या भावंडांना थोडं स्पष्ट चालतं: "दादा, तो विनोद ग्रुपवरून काढ. मला हसू आलं नाही." सासरच्या माणसांशी बोलायचं असेल तर नवऱ्याने बोलावं. सुनेने बोललं तर विषय नाकावरून उलट बोलण्यावर जातो, हे आपल्या घरांचं वास्तव आहे आणि आजारी असताना ते बदलायला जाऊ नये.

एक वाक्य तीनदा सांगूनही कुणी थांबत नसेल तर रेस्ट्रिक्ट. समजावण्याची तुमची जबाबदारी तिथे संपते.

ऑपरेशन केलं हे सांगायचं की नाही? दोन्ही चालतं. मी सांगितलं, माझ्या मैत्रिणीने सांगितलं नाही, आणि दोघींचंही बरोबर होतं. फक्त खोटी गोष्ट रचू नका, कारण ती सांभाळावी लागते. "तब्येतीचं खासगी आहे, बोलायचं नाही मला" हे खोटं नाही आणि पुरेसं आहे.

क्लिनिकच्या पेजवर तुमचा फोटो आहे का, बघा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनआधी सह्या केलेल्या कागदांत फोटो वापरण्याची परवानगी होती, आणि चार महिन्यांनी माझा आधीचा-नंतरचा फोटो एका क्लिनिकच्या पेजवर डोळे न झाकता दिसला. खाली दीडशे लोकांनी मत दिलं होतं. संमतीपत्राची प्रत मागून घ्या. फोटोचा भाग उपचाराच्या संमतीपासून वेगळा असतो, तो खोडता येतो. आधी दिली असली तरी लेखी, ईमेलने, परवानगी मागे घेतल्याचं कळवा आणि काढायची तारीख मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेतही, २००२ च्या नियमावलीत, रुग्णाची ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापू नये असं म्हटलेलं आहे, त्यामुळे तुमची मागणी अवाजवी नाही. माझा फोटो ईमेलनंतर दोन दिवसांत निघाला.

पुरावा आणि तक्रार

चौथ्या प्रकारासाठी. स्क्रीनशॉट असा घ्या की त्यात कमेंट, खात्याचं नाव, तारीख-वेळ सगळं दिसेल. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पोस्टची आणि त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून वहीत किंवा स्वतःलाच ईमेल करून ठेवा, कारण खात्याचं नाव बदलता येतं. मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील बघतात.

पहिली तक्रार त्या ॲपमध्येच करा. तुमच्या नावाने कुणी बनावट खातं चालवत असेल, किंवा फोटो बदलून अश्लील केला असेल, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीला तो झटपट काढावाच लागतो. नियम आले तेव्हा ही मुदत २४ तासांची ठेवली होती. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. खासगी अवस्थेतले फोटो पसरण्याची भीती असेल, आणि लायपो किंवा छातीच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत ती असते, तर स्टॉपएनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर न जाता त्याची एक डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो अडवतात.

पोलिसांकडे जाताना अपेक्षा नीट ठेवा. "वाईट दिसतेस" एवढं लिहिणं गुन्हा होत नाही. ऑनलाइन त्रासदायक लिहिण्याला शिक्षा देणारं आयटी कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. ज्या घटनांनी ते प्रकरण उभं राहिलं त्यांत आपल्या पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून झालेली अटक होती, हे आठवलं की ते कलम गेलं याचं वाईट वाटत नाही. पण लैंगिक शेरेबाजी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये येते, स्त्रीच्या विनयाचा अपमान कलम ७९ मध्ये, आणि नको म्हटल्यावरही बाईशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, तिच्यावर ऑनलाइन पाळत ठेवणं कलम ७८ मध्ये. म्हणून अशा माणसाला एकदाच, स्पष्ट शब्दांत लिहून ठेवा: "मला मेसेज करू नका." त्यानंतर एक शब्दही नाही. धमकी कलम ३५१ मध्ये येते, तिची तक्रार पुरुषांनाही करता येते.

तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात करता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर शून्य एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, मागा. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून देतो म्हणाले तर कलमं दाखवा, आणि सोबत कुणाला तरी न्या. मी एकटी गेले होते. नाक दाखवून हकीकत सांगावी लागली, ती बहीण बरोबर असती तर निम्मी सोपी झाली असती. ऑफिसच्या ग्रुपवर सहकाऱ्याने शरीराबद्दल लैंगिक बोलणं केलं असेल तर कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांच्या आत केलेली बरी.

कमेंट्स थांबल्या तरी आरसा थांबत नसेल तर

काहींच्या बाबतीत लोक गप्प होतात आणि आतलं बोलणं सुरूच राहतं. दिवसातला तासभर किंवा जास्त वेळ आरसा, फोनचा कॅमेरा, दुकानाच्या काचा यात जात असेल, इतरांना दिसत नसलेला दोष तुम्हाला रोज मोठा दिसत असेल, त्यापायी काम किंवा बाहेर जाणं सुटलं असेल, तर याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात आणि तो आजार आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या लोकांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. आणखी एक ऑपरेशन केल्याने तो सहसा जात नाही. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी आणि गरज असेल तर औषधं, यांनी फरक पडतो. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. प्लास्टिक सर्जनलाही हे मोकळेपणाने सांगा, चांगला सर्जन ऐकून घेतो.

रात्री फारच असह्य झालं तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मी एकदा पहाटे अडीचला फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी नाकाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, जेवलात का विचारलं. जीव द्यावासा वाटत असेल तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा आणि ११२ लावा. सकाळची वाट बघू नका.

पुन्हा ऑपरेशनचा निर्णय

कमेंट्सच्या भरात बरेच जण सहाव्या-सातव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरकडे "दुरुस्ती" करायला धावतात. नाकाच्या बाबतीत सर्जन साधारण वर्षभर थांबायला सांगतात, कारण आतली सूज आणि व्रण बसल्याशिवाय काय दुरुस्त करायचं हेच कळत नाही. घाईने दुसरं ऑपरेशन देऊ करणाऱ्याकडून उठून या.

वर्ष झालं की एक कागद घ्या. स्वतःला खरोखर खटकतं ते लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं, तुम्ही की दुसऱ्याने. दुसऱ्याने म्हटलेल्या ओळी खोडा, उरलेला कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

माझ्या कागदावर सात ओळी होत्या. खोडल्यावर दोन उरल्या. एक होती शेंडा किंचित डावीकडे आहे ही. दुसरी, रात्री उजव्या नाकपुडीतून अजून कधी कधी श्वास अडतो. डॉक्टरांनी दुसरीवर नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. पहिलीबद्दल त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि ऑपरेशनआधीचा फोटो शेजारी धरला. शेंडा तेव्हाही डावीकडेच होता.